कचेरीत नाव लागलं तेव्हापासून

साल 1884. अलाहाबादचं उच्च न्यायालय. तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. डोक्यावरचा झालरीचा पंखा संथपणे हलतोय आणि त्याची दोरी ओढणारा माणूस दाराबाहेर भिंतीला टेकून बसलाय. समोर न्यायमूर्ती स्ट्रेट. मुरादाबादहून आलेलं प्रकरण पुकारलं जातं: राणीसरकार विरुद्ध खैराती.

कागद वाचले जातात. पोलिसांना खैराती सापडले तेव्हा अंगावर बायकांचे कपडे होते आणि एका घरच्या बायकांमध्ये बसून गाणं चाललं होतं. एवढ्यावर खटला उभा राहत नाही, म्हणून सिव्हिल सर्जनकडून शरीराची तपासणी करवली गेली. गुदद्वाराच्या आकारावरून निष्कर्ष काढला गेला. त्यावर विसंबून खालच्या कोर्टाने ठरवलं, की दंडविधानाच्या 377व्या कलमातला निसर्गक्रमाविरुद्धचा गुन्हा कधी ना कधी घडलेला असणारच. कधी, ते आरोपपत्रात नाही. कुठे, ते नाही. कोणाबरोबर, तेही नाही.

स्ट्रेटसाहेब शिक्षा रद्द करतात. वेळ, जागा, दुसरी व्यक्ती, काहीच सांगता येत नसेल तर शिक्षा टिकत नाही. मागच्या बाकावर तुम्ही सुटकेचा श्वास सोडता, पण वाचन संपलेलं नाही. असल्या किळसवाण्या चालींना आळा घालण्याची मुरादाबादच्या अधिकाऱ्यांची इच्छा आपल्याला पूर्णपणे समजते, असंही न्यायमूर्तींनी लिहिलंय. खैरातींची सुटका झाली. पुढच्या खैरातीला पकडताना मात्र कोणाही अधिकाऱ्याला संकोच वाटू नये, एवढी सोय त्या एका वाक्यात आहे.

अधिकाऱ्यांना हा आत्मविश्वास आला कुठून, ते पाहायला आणखी थोडं मागे चला.

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा नुकताच लागू झालाय. पुढे याच कायद्याच्या नव्या आवृत्त्यांनी आपल्याकडच्या पारधी, कैकाडी अशा जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं, ते मराठी माणसाने वाचलेलं असतं. या कायद्याला दुसरा भागही होता, तो फारसा कोणी वाचत नाही. वायव्य प्रांतातल्या एका जिल्ह्याच्या कचेरीत तो भाग आज वाचून दाखवला जाणार आहे, आणि इथे तुम्ही प्रेक्षक नाही. इथे तुम्ही हिजडा आहात. गुरूच्या घरात वाढलेल्या, कोणाच्या घरी पोर झालं की बधाईला जाऊन गाणाऱ्या. हातात काचेच्या बांगड्या आहेत, नाकात चमकी आहे. शेजारी गुरू उभी आहे, म्हातारी, गुडघ्याने अधू. रांग पुढे सरकते.

कारकून वर न बघता विचारतो. नाव. वय. गाव. घर कोणाचं. दागिने किती, भांडी किती. तुम्ही सांगता, तो लिहितो. मग तो सरकारी भाषेत सांगू लागतो आणि दुसरा एक जण ते तुम्हाला समजेल असं करून सांगतो. यापुढे बाईच्या वेशात रस्त्यात दिसलात, नाचलात, गायलात, तर वॉरंटाशिवाय धरतील आणि दोन वर्षांपर्यंत आत टाकतील. सोळा वर्षांखालचा मुलगा घरात सापडला तरीही तेच. गुरू मान हलवते. नाचगाण्यावर पोट आहे, पण पोलिसांशी जुळवून घेणं तिला आयुष्यभर जमलंय.

पुढची चार वाक्यं ऐकताना मात्र ती तुमचा हात धरते. रजिस्टरात नाव लागलेल्याला कोणा अज्ञान मुलाचं पालक होता येणार नाही. बक्षीसपत्र करता येणार नाही. मृत्युपत्र करता येणार नाही. मुलगा दत्तक घेता येणार नाही.

आजवर गुरू मेली की घर चेल्यांकडे जायचं. चूल, ढोलकी, पितळी हंडे, कानातलं. त्या घराण्याची रीत होती, तिला रक्ताचा आधार लागत नव्हता. आता तुमची गुरू जिवंत असतानाही तुम्हाला कायद्याने काही देऊ शकत नाही आणि मेल्यावरही नाही. नाचणं बंद केलं की एका पिढीची उपासमार होते. देणं आणि वारसा बंद केला की पुढची पिढी तयारच होत नाही. हे ज्यांनी लिहिलं त्यांना नेमकं तेच हवं होतं, आणि म्हणून मला 377व्या कलमापेक्षाही ही चार वाक्यं जास्त क्रूर वाटतात. पालकत्व, बक्षीस, मृत्युपत्र, दत्तक. पुढच्या प्रवासात त्यांच्यावर लक्ष असू द्या.

ब्रिटिश मुलखात हिजड्यांवरचा हा भाग 1911 मध्ये गळाला. तुम्हाला वाटेल, सुटलो. पण गोदावरीकाठी या. नांदेड, 1329 फसली, म्हणजे 1919. हा निजामाचा मुलूख आहे आणि आठ वर्षांपूर्वी शेजारच्या मुलखाने टाकून दिलेला कायदा हैदराबाद संस्थानाने आता उचललाय. पुन्हा रजिस्टर, पुन्हा बाईच्या वेशात नाचगाणं केल्यास विनावॉरंट अटक. कचेरी उर्दूत चालते, रांगेतली माणसं मराठी बोलतात. मराठवाडा 1956 मध्ये या राज्यातून निघाला. कायदा मात्र तेलंगणाच्या पुस्तकात तसाच राहिला आणि तो घटनाबाह्य ठरवायला तिथल्या उच्च न्यायालयाला 2023 चा जुलै उजाडावा लागला.

आता मुंबई, 1934. कोर्टात उकडतंय. आरोपी आहेत रघुनाथ धोंडो कर्वे, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक. आरोप अश्लीलतेचा. वाचक पत्रं पाठवून हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल विचारतात आणि कर्वे न लाजता, न भिववता उत्तरं छापतात, एवढंच त्यांनी केलंय. त्यांच्या बाजूने उभे असलेले वकील तुम्ही ओळखता. गोलमेज परिषदांहून परतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांचा युक्तिवाद सरळ आहे. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील होत नाही. पण विकृत प्रश्नांना मासिकाने उत्तर द्यावंच कशाला, असा मुद्दा समोरून येतो. त्यावर ते मागे हटत नाहीत. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकाचा आधार देऊन ते मांडतात, की काही माणसांमध्ये ही ओढ उपजत असेल तर त्यात गैर काही नाही आणि आपल्या रीतीने सुख मिळवण्याचा त्यांना हक्क आहे. तुम्ही आजूबाजूला बघता. 1934 च्या भारतात, भर कोर्टात, हक्क हा शब्द या माणसांसाठी उच्चारला गेलाय. खटला ते हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. अशिलाच्या बाजूला फारसं कोणी नसताना बाबासाहेबांनी हे वकीलपत्र घेतलं होतं. समलिंगी माणसांचा हा लढा परदेशातून आलेलं फॅड आहे, असं आजही ऐकू येतं तेव्हा मला या खटल्याची आठवण करून द्यावीशी वाटते. इथून परत जाताना तुम्हीही ती बरोबर घ्या.

स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली. कलम 377 जागचं हललं नाही.

नव्वदच्या दशकातली मुंबई. रात्री साडेदहा, उपनगरातलं एक स्टेशन. तुम्ही सव्वीस वर्षांचे आहात, एका खाजगी कंपनीत हिशेब लिहिता, आईबरोबर दोन खोल्यांत राहता. प्लॅटफॉर्मच्या टोकाला एका मुलाशी तुमची नजरानजर झाली, दोन वाक्यं बोलणं झालं, आणि मागून खांद्यावर हात पडला. साध्या कपड्यातला पोलीस. मुलगा पळाला, की त्यालाच पळू दिलं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

“काय चाललं होतं रे?”

“काही नाही साहेब. गाडीची वाट बघतोय.”

“गाडी मागच्या टोकाला येते काय? चल चौकीला. 377 माहितीय? दहा वर्षं. घरी कोण असतं?”

“आई.”

“फोन आहे का घरी? सांग नंबर.”

तुम्ही नंबर सांगत नाही. पाकीट काढता. त्यात 340 रुपये आणि सेकंड क्लासचा पास आहे. तो पैसे घेतो, पास उलटून नाव आणि पत्ता वाचतो, मोठ्याने वाचतो, आणि मग मनगटाकडे बघतो. घड्याळ वडिलांचं आहे. तुम्ही ते काढून देता. याला तोडपाणी म्हणतात आणि त्याची कुठेही नोंद होत नाही. एफआयआर नाही, पावती नाही, तारीख नाही. पत्ता मात्र आता त्याला पाठ आहे. रात्रीच्या शेवटच्या गाडीत बसल्यावर तुमचे हात थरथरायला लागतात, आणि पुढचे कित्येक महिने दाराची कडी वाजली की तुम्ही आईच्या आधी उठता.

याच शहरात 1990 पासून अशोक राव कवी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी माणसांसाठीचं नियतकालिक काढतायत. 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहतो. त्याच वर्षी दिल्लीत एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या गटाने उच्च न्यायालयात अर्ज दिलाय. तिहार तुरुंगात कैद्यांना कंडोम द्यायला प्रशासन नकार देतं, कारण दिलं तर 377चा गुन्हा घडतो हे कबूल केल्यासारखं होतं, म्हणून हे कलमच काढा, असं तो अर्ज म्हणतो. तो नुसता पडून राहतो. 2001 च्या जुलैमध्ये लखनौत एचआयव्हीबद्दल माहिती देणारे चार कार्यकर्ते पकडले जातात आणि 47 दिवस तुरुंगात राहतात. त्याच वर्षअखेर दिल्ली उच्च न्यायालयात 377विरुद्ध नाझ फाउंडेशनची याचिका येते. 2004 मध्ये उच्च न्यायालय ती फेटाळतं, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालय ती परत पाठवतं, ऐका म्हणून.

2 जुलै 2009. दिल्ली उच्च न्यायालयाचा कक्ष माणसांनी गच्च भरलाय. मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, मूळचे आपल्या सोलापूरचे, आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर. दोन सज्ञान व्यक्तींनी खाजगीत, संमतीने केलेली गोष्ट गुन्हा राहणार नाही, हे ऐकल्यावर तुमच्या पुढच्या रांगेतला एक पन्नाशीतला माणूस दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागतो. शेजारचा त्याच्या पाठीवर हात ठेवतो.

त्याचं हे रडणं पाहिलेलं असल्यामुळे 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयात उभं राहणं कठीण जातं. न्यायमूर्ती सिंघवी यांचा कामाचा शेवटचा दिवस. काही मिनिटांत 2009 चा निकाल उलटवला जातो. हे लोक लोकसंख्येचा अगदी नगण्य अंश आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेहूनही कमी जणांवर या कलमाखाली खटले झालेत, असा हिशेब निकालपत्रात आहे. त्या दोनशेंत तुमचे 340 रुपये नाहीत. वडिलांचं घड्याळ नाही. या कलमाचा खरा कारभार प्लॅटफॉर्मवर, बागेत, पोलीस चौकीच्या मागच्या खोलीत चालत होता, आणि जे नोंदलंच जात नाही ते मोजून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने माणसांचं दुःख किती लहान आहे ते ठरवलं. इतक्या वर्षांनीही त्या परिच्छेदाबद्दल माझा राग कमी झालेला नाही.

चारच महिन्यांनी, 15 एप्रिल 2014 ला, त्याच इमारतीत न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सीकरी तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क देतात. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात पक्षकार आहेत. म्हणजे आता तुम्ही कोण आहात हे सांगण्याचा हक्क आहे, पण तुम्ही कोणावर प्रेम करता हा गुन्हा आहे. आणि तृतीयपंथीयांसाठीचा 2019 चा कायदा येतो तेव्हा ओळखपत्रासाठी पुन्हा जिल्हाधिकाऱ्याच्या दारात अर्ज घेऊन जावं लागतं. त्याच कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. समानता किती दूर आहे ते या दोन आकड्यांतून कळतं, वेगळा युक्तिवाद लागत नाही.

त्याआधी, 6 सप्टेंबर 2018 ला मात्र मनसोक्त थांबा. सर्वोच्च न्यायालयाच्या हिरवळीवर फोनला रेंज मिळत नाहीये, जो तो आत काय झालं ते दुसऱ्याला विचारतोय. मग कोणीतरी ओरडतं, पाचही! पाचही न्यायमूर्ती एकमताने! नर्तक नवतेज सिंग जोहर आणि इतरांच्या याचिकेवर दीपक मिश्रा, रोहिंटन नरिमन, अजय खानविलकर, धनंजय चंद्रचूड आणि इंदू मल्होत्रा यांनी 377व्या कलमातून सज्ञानांचे संमतीचे संबंध बाहेर काढलेत. न्यायमूर्ती मल्होत्रा यांनी लिहिलंय, की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागायला हवी. कुटुंबांचीही, हे त्यांना सुचलं याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात. तुम्ही अनोळखी माणसांच्या गळ्यात पडता. कोणाकडे तरी ढोल आहे. वकील मंडळी काळ्या कोटांसकट नाचतायत. नाचून घ्या. याची किंमत फार जणांनी आधी चुकवलीय.

आणि मग घरी या.

17 ऑक्टोबर 2023, पुण्यात कोथरूडचा एक फ्लॅट. तुम्ही पन्नाशी ओलांडलीय. सोफ्यावर तुमच्या शेजारी जो बसलाय त्याच्याबरोबर तुम्ही वीसएक वर्षं राहताय. त्याच्या आईची शेवटची दोन वर्षं तुम्ही दोघांनी मिळून काढलीत. लॅपटॉपवर सर्वोच्च न्यायालयाचं थेट प्रक्षेपण चालू आहे. चहा निवून गेलाय. सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग यांच्यासह अनेक जोडप्यांनी विवाहाचा हक्क मागितलाय. पाचही न्यायमूर्तींचं एका गोष्टीवर एकमत आहे: विवाह हा मूलभूत हक्क नाही. विवाहाशिवाय निदान जोडपं म्हणून कायदेशीर मान्यता, आणि जोडप्याला मूल दत्तक घेण्याची मुभा, यावर मात्र मतं फुटतात. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल बाजूने, बाकीचे तिघे विरुद्ध. तीन विरुद्ध दोन.

तो उठून लॅपटॉप बंद करतो. तुम्ही मनात हिशेब मांडता, कारण हिशेबाचं कामच तुम्ही आयुष्यभर केलंत.

दत्तक: एकट्याने अर्ज करता येतो, दोघांनी मिळून नाही. पालकत्व: एकट्याने घेतलेल्या मुलावर दुसऱ्याचा कायद्याने काडीचा अधिकार नाही, त्याने त्या मुलाच्या शाळेच्या फीसाठी आयुष्य घालवलं तरी. मृत्युपत्र: करता येतं, तेवढं मोकळं आहे, फक्त त्याला आव्हान द्यायला तुमचा भाऊ आणि पुतणे कोर्टात उभे राहिले तर नवरा किंवा बायको म्हणून तुमच्या माणसाची काहीच जागा नाही. मृत्युपत्र राहून गेलं तर फ्लॅट सरळ त्यांचा.

उरलं बक्षीसपत्र. फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर आहे, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तुमचंच नाव आहे. कर्ज काढताना बँकेने दोघांना एकत्र घेतलंच नव्हतं. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. तुम्ही तुमच्या माणसाला दिलं तर परक्याला दिल्यासारखं, बाजारभावावर शुल्क. वर आयकर. जोडीदाराने दिलेल्या भेटीवर कर नाही, पण तुम्ही दोघं कायद्याच्या लेखी जोडीदार नाही. त्यामुळे परक्याकडून वर्षाला 50,000 रुपयांवर मिळालेल्या भेटीचा नियम लागतो आणि ज्या घरात तो वीस वर्षं पोळ्या लाटतोय, ते मिळाल्याचा कर त्याने भरायचा.

वायव्य प्रांतातल्या त्या कचेरीत म्हाताऱ्या गुरूने हात धरला होता, तो कशासाठी, हे इतक्या दुरून उमगतं. गुन्हा रद्द करणं ही या लढ्याची अर्धीच बाजू आहे. कायद्याने माणसाला आपलं माणूस ठरवू द्यावं, त्याला देऊ द्यावं, त्याच्यासाठी सही करू द्यावी, त्याच्या मुलाचं पालक होऊ द्यावं, ही दुसरी बाजू, आणि ती अजून जवळजवळ कोरी आहे.

जवळजवळ म्हणालो, कारण काही हललंय. 2024 च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की एलजीबीटी व्यक्तींनी संयुक्त खातं उघडण्यावर आणि जोडीदाराला नॉमिनी करण्यावर कोणतीही बंदी नाही. त्याच सुमारास शिधापत्रिकेवर जोडीदारांना एका घरातलं धरावं, असं पत्र राज्यांना गेलं. त्याआधी 1 जुलैला जुनं दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि 377 सगळंच गेलं. त्याबरोबर पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर जबरदस्ती झाली तर वापरायचं कलमही गेलं, आणि त्या जागी काहीच आलं नाही. 2025 च्या जानेवारीत विवाहाच्या निकालाची फेरविचार याचिका फेटाळली गेली.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आयकर कायद्याच्या नेमक्या त्याच तरतुदीला आव्हान दिलं. भेटीवरची सूट फक्त विवाहित जोडीदारालाच का? खंडपीठाने महान्यायवादींना नोटीस काढली.

ही बातमी तुमच्या माणसाने सकाळी वर्तमानपत्रात आधी पाहिली आणि पान तुमच्या ताटाशेजारी ठेवलं. दुपारी तुम्ही दोघं वकिलाकडे जाता. मृत्युपत्र आज करून टाकायचं, दोन साक्षीदारांसह, आणि नोंदवूनही घ्यायचं, असं ठरतं. बक्षीसपत्राचं काय, वकीलबाई विचारतात. थांबायचं असेल तर याचिकेच्या निकालापर्यंत थांबा, नाहीतर कर भरून मोकळे व्हा. तुम्ही त्याच्याकडे बघता.

“भरू आपण,” तो म्हणतो, “आणि भरलेली पावती घेऊन कोर्टात जाऊ.”

वकीलबाई वहीचं नवं पान उलटतात आणि दोघांची पूर्ण नावं विचारतात.